गेलेले अजिंक्यपद

बॅडमिंटनचे फूल 16 पिसांचे असते. त्याचे वजन जेमतेम 5 ग्रॅम. कितीही जोराने टोलविले तरी हवेच्या विरोधामुळे ते लवकरच मंदावते. म्हणून या खेळात दंडाच्या बळाइतकेच मनगटाचे कसब मोलाचे ठरते. फटका दूरचा भासवावा आणि फूल जाळ्यालगत अलगद टाकावे, ही कला नंदू नाटेकरांना उत्तम साधली होती.

नाटेकरांचा जन्म 1933 साली कृष्णाकाठच्या सांगलीत झाला. 1953 व 1954 साली ते एकेरीत राष्ट्रीय विजेते झाले. पुढे ते पद हातचे गेले. 1956 साली त्यांनी क्वालालंपूर येथे सेलांगोर स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय. स्वदेशातील पद मात्र 1958 सालीच परत मिळाले. 1960 व 1961 साली ते त्यांच्याकडे होते. नंतर पुन्हा गेले.

विजेत्याच्या हुलकावण्या प्रतिस्पर्ध्यांच्या हळूहळू परिचयाच्या होतात. वयाबरोबर पायही मंदावतात. आणि फुलापाशी पोचण्यास क्षणभर उशीर झाला, की मनगट तरी काय करणार? पद प्रथम मिळविण्यापेक्षा ते परत मिळविणे अधिक अवघड, ते यामुळेच. नाटेकरांनी मात्र तिशी उलटल्यावर, 1965 साली, राष्ट्रीय एकेरीचे अजिंक्यपद सहाव्यांदा जिंकले.