मागच्या बाकावरचे मूल

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शाळेचे दार उघडावे म्हणून आपल्या पिढ्या झगडल्या आणि दार उघडले. परंतु ज्याला नीट ऐकू येत नाही, फळा दिसत नाही किंवा अक्षरे जुळवता येत नाहीत, ते मूल आत येऊनही मागच्या बाकावरच राहिले आहे.

हे मूल दलित वस्तीतले असले, की अन्याय दुहेरी होतो. ते मागे का पडले, याचा शोध घेण्याची गरज शिक्षकाला वाटत नाही. ‘यांच्या घरात शिक्षणच नाही,’ हे उत्तर त्याच्या मनात आधीच तयार असते. जातीचे हे उत्तर अपंगत्व झाकून टाकते. बहिरेपणा आडमुठेपणा ठरतो, अध्ययन अक्षमता आळस ठरते. याच्या उलटही घडते. घरची बोली पुस्तकी भाषेहून वेगळी असलेल्या किंवा ऊसतोडीमुळे शाळा बुडालेल्या मुलावर ‘मतिमंद’ असा शिक्का चटकन बसतो. म्हणून तपासणी व्हावी, ती तज्ज्ञाकडून आणि मुलाला कळेल अशा बोलीत व्हावी, हा आपला पहिला आग्रह हवा.

‘दिव्यांग’ हा शब्द ‘हरिजन’ या शब्दासारखाच वरून दिलेला आहे. पण २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दान देत नाही, हक्क देतो. १९९५ च्या कायद्यातील अपंगत्वाचे ७ प्रकार त्याने २१ केले. त्यांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही आल्या. ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत, किंवा निवडीप्रमाणे विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा अधिकार आहे. ‘आमच्याकडे सोय नाही’ हे मुख्याध्यापकाचे उत्तर या कायद्यात बसत नाही.

मग पालकांनी काय करावे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, तेव्हा मूल दाखवावे. पथकाच्या चिठ्ठीवर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढील तपासणी होते. प्रमाणपत्रासाठी आणि ओळखपत्रासाठी ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात जावे. त्यानंतर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा: गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना बोलवा, मुलाला काय, कोण आणि कसे शिकवणार आणि प्रगती कधी तपासणार, याचा आराखडा लिहून द्या. परीक्षेत वाढीव वेळ किंवा लेखनिक लागत असल्यास तेही अर्जात मांडावे.

तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. प्रत्येक अर्जाची सही-शिक्क्यानिशी पोच घ्यावी. उत्तर आले नाही, तर गटशिक्षणाधिकारी, त्यानंतर जिल्हा परिषद आणि शेवटी राज्याचे दिव्यांग आयुक्त, अशी वाट आहे. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याची मुभा शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिली. पण तो पर्याय पालकांचा आहे. नकोसे मूल घरी धाडण्याची ती शाळेची पळवाट नव्हे.

शिक्षकच नाहीत, असे सांगितले जाईल. विशेष शिक्षकांची कायम पदे निर्माण करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ सालीच बजावले आहे. २०२२ साली केंद्राने प्राथमिकला अशा १० मुलांमागे आणि उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरवले. रिकामी पदे हा आपल्या मुलांचा दोष नाही. तालुक्यात किती पदे भरली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते.

रुग्णालयाची एक फेरी म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी. एकट्या बाईला हे झेपत नाही. तेव्हा विहारात अशा मुलांची यादी करावी, शिकलेल्या पोरांनी अर्ज भरून द्यावेत, पाच-सहा पालकांनी मिळून जावे. यात मोठा अडसर घरातलाच असतो. मूल असे जन्मले ते मागल्या जन्मीच्या पापाने, असे कुणीतरी सांगते आणि आई-बाप त्याला लोकांपासून लपवतात. याच पूर्वकर्माच्या सिद्धांताने आपल्याला अस्पृश्य ठरवले होते. १९५६ साली तो नाकारलेल्या समाजाने तो आपल्याच मुलाच्या माथी मारू नये. मूल लपवले, तर यादीत त्याचे नाव येत नाही. आणि यादीत नसलेल्या मुलासाठी शासन कधीही शिक्षक नेमत नाही.