मैदानावरून महाविद्यालयात

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ आमच्या भेटीस आले. त्यांची कन्या नववीत शिकते व शाळेच्या हॉकी संघात खेळते. त्यांचे चुलतबंधू बऱ्याच वर्षांपासून अमेरिकेत न्यू जर्सी येथे स्थायिक झालेले आहेत. आपली मुलगी हॉकीच्या जोरावर महाविद्यालयात जाणार, असे त्या बंधूंनी कळविले होते. गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढून हिरव्यागार मैदानाची छायाचित्रे आम्हांस दाखविली आणि विचारले, “फादर, आमच्या पोरीला असं काही करता येईल का? की दहावीच्या वर्षी स्टिक ठेवून दे म्हणून सांगू?”

प्रश्न साधा होता. परंतु त्याचे उत्तर तेथल्या तेथे देणे आम्हांस योग्य वाटले नाही. एका मुलीच्या आयुष्यातील दोन-चार मोलाची वर्षे त्या उत्तरावर अवलंबून होती. म्हणून आम्ही थोडे वाचन केले, थोडी विचारपूस केली. हाच प्रश्न आज ना उद्या आपणांपैकी अनेकांच्या घरी उभा राहील. तेव्हा जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक नवल सांगितले पाहिजे. आपल्याकडे हॉकी म्हटले की पुरुषांचे पराक्रम आठवतात; अमेरिकेत मात्र हा मुख्यतः मुलींचा खेळ मानला जातो. कॉन्स्टन्स ॲपलबी या इंग्रज शिक्षिकेने १९०१ साली हार्वर्ड येथे उन्हाळी वर्गात तो प्रथम करून दाखविला आणि पुढे व्हासार, स्मिथ, वेलस्ली अशा स्त्रियांच्या महाविद्यालयांत शिकविला. या बाई १०७ वर्षे जगल्या. पुरुषांत हा खेळ तेथे रुजला नाही. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान अमेरिकेचा २४–१ असा पराभव केला. त्यांपैकी १० गोल एकट्या रूपसिंगांचे होते आणि ८ त्यांचे वडील बंधू ध्यानचंद यांचे. ग्वाल्हेरच्या वाचकांना रूपसिंगांची ओळख करून देण्याचे कारण नाही. त्यांच्या नावाचे स्टेडियम त्यांच्याच शहरात उभे आहे.

मुलींच्या हॉकीला तेथे खरे बळ आले ते १९७२ साली झालेल्या एका कायद्याने. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करता कामा नये, असे त्या कायद्याने ठरविले, आणि खेळाच्या मैदानासही तो लागू झाला. महाविद्यालयांना मुलींसाठी संघ उभारणे व शिष्यवृत्त्या देणे भाग पडले. आंतरमहाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था १९८१ पासून मुलींची हॉकी अजिंक्यपद स्पर्धा भरविते. तिच्या वरिष्ठ श्रेणीत आज सुमारे ८० विद्यापीठांचे संघ खेळतात.

या संघांसाठी खेळाडू कोठून येतात? शाळांतून येतात हे खरे. परंतु शाळेचा हंगाम थोड्या महिन्यांचा. म्हणून गावोगावी तरुण मुलींचे क्लब निघाले आहेत. हे क्लब वर्षभर सराव घेतात आणि दूरदूरच्या स्पर्धांना संघ नेतात. त्यांतील सर्वांत जुन्या व मोठ्या मेळाव्यांपैकी एक नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुट्टीत भरतो. एकाच विस्तीर्ण क्रीडांगणावर मैदानांमागून मैदाने आखलेली असतात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत आखूड वेळेचे सामने चालतात. एरवी ज्या दिवशी सारे कुटुंब घरी जेवणाच्या मेजाभोवती बसावयाचे, त्या दिवशी ही कुटुंबे हॉटेलांत उतरलेली असतात.

मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून विद्यापीठांचे प्रशिक्षक बसलेले असतात. ते पाहतात व टिपून घेतात. स्पर्धेतील मुलीचा शेवटचा सामना संपून ती मोकळी होईपर्यंत त्यांनी तिच्याशी संभाषण करू नये, असा नियम आहे. त्यामुळे मुलगी खेळत असते, आईबाप श्वास रोखून पाहत असतात, आणि वहीत काय लिहिले गेले हे दोघांनाही कळत नाही.

ते काय पाहतात? आमचा समज होता की गोल किती केले ते पाहत असतील. जाणकार सांगतात की गोल करणारी तर कोणालाही दिसते. चेंडू स्टिकपाशी नसताना मुलगी कोठे धावते, हे प्रशिक्षक पाहतो. चेंडू गमावल्यावर ती हात झटकून उभी राहते की लगेच मागे फिरते? पंचांनी विरुद्ध निकाल दिल्यास तिचा चेहरा कसा होतो? तिला बाहेर बसविले असता ती आत खेळणाऱ्या मैत्रिणींना हाका देते की मान खाली घालून बसते? कडेला उभे असलेले तिचे वडील ओरडत आहेत काय, इकडेही त्यांचे लक्ष असते. कौशल्य शिकविता येते. स्वभाव घरून यावा लागतो, हे त्यांस ठाऊक असते.

या पद्धतीत दोष नव्हते असे नाही. काही वर्षांपूर्वी आठवी-नववीतल्या मुलींना विद्यापीठांकडून तोंडी वचने दिली जात. चौदा वर्षांच्या मुलीने अठराव्या वर्षी आपण कोण असू हे सांगावे, अशी ती अपेक्षा! अखेर २०१९ साली एनसीएएने नियम कडक केला. आता दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी वरिष्ठ श्रेणीच्या प्रशिक्षकाने मुलीशी प्रवेशाविषयी बोलावयाचे नाही, आणि विद्यापीठाला भेट देण्यास त्यानंतरच्या १ ऑगस्टपर्यंत थांबावयाचे. तोंडी वचन आजही कोणासच बांधून ठेवीत नाही. लेखी काय ते शाळेच्या अखेरच्या वर्षी.

आता पैशाचा हिशेब पाहू. कारण “हॉकीवर फुकट शिक्षण” हे शब्द ऐकून आपल्याकडील भाबडी माणसे हुरळून जातात. वरिष्ठ श्रेणीतील एका संघास अनेक वर्षे जास्तीत जास्त १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम देता येत असे. संघात मुली वीसहून अधिक. म्हणजे त्या बारांचे तुकडे करून वाटावयाचे. कोणास निम्मे, कोणास पाव, कोणास काहीच नाही. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एक तडजोड मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांपुरती शिष्यवृत्त्यांवरील मर्यादा गेली आणि संघातील खेळाडूंच्या संख्येवर २७ ची मर्यादा आली. परंतु मुभा मिळाली म्हणजे तिजोरी भरली असे नव्हे. आणि तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये, जी संख्येने सर्वांत अधिक आहेत, ती खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच देत नाहीत. हार्वर्ड, प्रिन्स्टन यांच्या गटातील विद्यापीठेही देत नाहीत. तेथे मदत मिळते ती घरची परिस्थिती पाहून. उलट क्लबची वर्गणी, प्रवास, हॉटेल, शिबिरे यांत पालकांचे हजारो डॉलर खर्च होतात. तेवढी रक्कम बाजूला ठेविली असती तर शिक्षणाचा बराचसा खर्च भागला असता, असे म्हणणारे पालक तेथेही आहेत.

इतके असूनही या पद्धतीतील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटली. कितीही नामांकित खेळाडू असो, शाळेत ठरावीक १६ विषय उत्तीर्ण झाल्याखेरीज आणि चारपैकी निदान २.३ गुणांची सरासरी राखल्याखेरीज तिला वरिष्ठ श्रेणीत पहिल्या वर्षी खेळताच येत नाही. हंगामात आठवड्याला २० तासांहून अधिक वेळ खेळाकडे द्यावयाचा नाही, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती द्यावयाची, असाही नियम आहे. नियम मोडणारे असतातच. तथापि नियम काय सांगतो ते पाहावे. ती प्रथम विद्यार्थिनी, नंतर खेळाडू.

एरिन मॅटसन या मुलीचे उदाहरण घ्या. पेनसिल्व्हेनियातील क्लबच्या मैदानावर ती घडली व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात दाखल झाली. खेळाडू म्हणून तिने २०१८, २०१९, २०२० आणि २०२२ अशी चार अजिंक्यपदे जिंकली. २०२३ साली त्याच विद्यापीठाने तिला प्रशिक्षक नेमले, आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी तिने संघास पुन्हा विजेतेपद मिळवून दिले. फिलाडेल्फिया येथील येशूसंघीयांच्या सेंट जोसेफ्स विद्यापीठाचा संघही २०२४ साली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. तेथे नॉर्थवेस्टर्नने त्यांस हरविले. परंतु या संघांतील बहुसंख्य मुली पुढे हॉकीवर पोट भरीत नाहीत. त्या शिक्षिका होतात, परिचारिका होतात, कचेऱ्यांत काम करितात. हॉकी त्यांस पदवीपर्यंत आणून सोडते व बाजूला होते.

आता आपल्या घराकडे वळू. इंदूरजवळच्या महू येथील शंकर लक्ष्मण यांचे नाव जुन्या पिढीस आठवत असेल. हा गोलरक्षक मराठा लाइट इन्फंट्रीचा. १९५६ व १९६४ ची ऑलिंपिक सुवर्णपदके आणि १९६० चे रौप्यपदक त्यांनी मिळविले. १९६६ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत ते भारतीय संघाचे कर्णधार होते. २००६ साली महू येथेच त्यांचे निधन झाले. अखेरच्या आजारपणात या वीरास पैशाची ओढाताण सोसावी लागली, असे तेव्हा वृत्तपत्रांतून आले होते. त्यांच्या काळी खेळाडूला लष्कराने वा रेल्वेने उचलावे, हीच काय ती वाट होती. ती वाट सन्मानाची होती व आजही आहे. परंतु खेळाबरोबर शिक्षणाची सांगड घालावी, हा विचार त्या पिढीपर्यंत फारसा पोहोचला नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. ग्वाल्हेर येथे मध्य प्रदेश शासनाने २००६ साली मुलींसाठी हॉकी अकादमी काढली, आणि तेथून भारतीय संघापर्यंत मुली पोहोचल्या आहेत. विद्यापीठांतून व महाविद्यालयांतून खेळाडूंसाठी राखीव जागा असतात. रेल्वे आजही खेळाडूंची भरती करिते. या वाटा जवळच्या आहेत, कमी खर्चाच्या आहेत, आणि प्रमाणपत्रे नीट जपून ठेविल्यास त्यांचा उपयोग होतो. अमेरिकेचे दारही अगदी बंद आहे असे नाही; तेथील संघांत हॉलंड, जर्मनी, अर्जेंटिना येथील मुली खेळतात. तथापि त्या दाराशी जाणाऱ्या मुलीस इंग्रजी चांगले यावे लागते व गुणपत्रिका भक्कम असावी लागते. पैसे घेऊन “जागा मिळवून देतो” म्हणणारा कोणी भेटल्यास त्यास नम्रपणे उंबरठ्याबाहेरूनच निरोप द्यावा. जागा प्रशिक्षक व विद्यापीठ देतात. मध्यस्थाच्या हाती ती नसते.

पुढच्या रविवारी ते गृहस्थ पुन्हा आले, ते कन्येस बरोबर घेऊनच. आम्ही बापास सांगितले की स्टिक ठेवावयास लावू नका. आणि मुलीस सांगितले की बाळ, पुस्तक ठेवावयाचे नाही. सकाळी मैदान, संध्याकाळी अभ्यास, आणि जिल्ह्याच्या निवडचाचणीस जरूर जा. निवड झाली नाही तर घरी कोणी एक शब्दही बोलणार नाही, असे वचन आम्ही बापाकडून तिच्यासमक्ष घेतले. ते देताना ते जरा अडखळले, हे येथे नमूद केले पाहिजे. मग मुलीकडे पाहून म्हणाले, “नाही बोलणार.”

मुलगी तेव्हा प्रथमच हसली. इतके दिवस तिच्या मनावर ओझे होते ते हॉकीचे नव्हे, अभ्यासाचेही नव्हे; निवड न झाल्यास बाप काय म्हणतील याचे होते, हे आम्हांस त्या क्षणी उमगले. सातासमुद्रापलीकडच्या त्या मैदानांच्या कडेला उभ्या असलेल्या आईबापांसही हीच गोष्ट सांगावीशी वाटते. आपले मूल खेळत असताना वहीत कोण काय लिहितो याची चिंता जरा कमी करावी. सामना संपल्यावर ते प्रथम कोणाकडे पाहते, तिकडे लक्ष ठेवावे. ते आपल्याकडे पाहत असते.