उघड्यावरचे लाकूड

घराच्या आतील लाकूड आणि बाहेरील लाकूड एकाच झाडाचे असले, तरी दोघांचे आयुष्य सारखे जात नाही. माजघरातील सागवानी तुळई पिढ्यान्‌पिढ्या भार वाहते आणि तिच्याकडे कोणी मान वर करूनही पाहत नाही. त्याच सागाच्या फळ्या मागील दारी उघड्या आभाळाखाली घातल्या, की त्यांना चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन सोसावे लागते. अशा फळ्यांच्या बैठकीस डेक म्हणतात. शब्द मूळचा जहाजावरचा. आणि वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात तो फारसा अस्थानीही वाटत नाही.

बैठक नवी असते तेव्हा यजमानाचा पहिला आग्रह असतो तो चकाकीचा. दिवाणखान्यातील खुर्च्यांना शोभणारे व्हार्निश बाहेरच्या फळ्यांनाही चढवले जाते, आणि नेमके येथेच बिघडते. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी होय. हवेतील दमटपणा वाढला की ते फुगते, कमी झाला की आकसते. लांबीत जवळजवळ नाही, पण रुंदीत चांगलेच. साग इतर लाकडांच्या मानाने कमी हलतो, म्हणून तर जहाजबांधणीत त्याला मान. परंतु तोही हलतोच. वर बसलेला व्हार्निशचा कडक पापुद्रा मात्र त्याच्याबरोबर हलू शकत नाही. दोन पावसाळ्यांत त्यास केसासारख्या चिरा पडतात, त्यांतून पाणी आत शिरते, आणि मग तोच पापुद्रा पाण्याला बाहेर पडू देत नाही. लाकडातील ओल शेकडा २० च्या वर राहिली की कुजवणाऱ्या बुरशीस हवे ते मिळते. वरून फळी आरशासारखी, आतून भुसा. आणि हे कळते ते बहुधा एखाद्याचा पाय फळीतून खाली गेल्यावर.

म्हणून बाहेरच्या लाकडास हवे ते वर बसणारे नव्हे, आत मुरणारे. तेल नळ्यांत शिरते, पाण्यास अटकाव करते, आणि झिजले तर सोलून न निघता नुसते फिके पडते. पुन्हा एक हात दिला की काम भागते.

पण एकटे तेल उन्हापुढे टिकत नाही. लाकडाच्या तंतूंना एकत्र धरून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी विघटित होते. पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे राखाडी तंतू उरतात. हा राखाडी रंग म्हणजे कूज नव्हे. तो केवळ कातडीपुरता असतो, आणि ज्यांना तो आवडतो त्यांनी सागाच्या गाभ्याचे लाकूड खुशाल तसेच राहू द्यावे. ज्यांना मूळची तांबूस छटा हवी, त्यांनी रंगद्रव्य मिसळलेले तेल, म्हणजे वुड स्टेन, वापरावे. त्यातील रंगाचे कण छत्रीसारखे ऊन अडवतात. अगदी पारदर्शक तेल महाग घेऊनही वर्षभरात फळ्या पांढुरक्या पडल्या, अशी तक्रार ऐकू येते तिचे कारण हेच.

कामाचा मुहूर्त पावसाच्या तोंडावर कधीच धरू नये. पाऊस सरून फळ्यांना काही आठवडे कोरडी हवा मिळाली की, दिवाळीच्या पुढेमागे, हे काम काढावे. फळीवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते थोड्याच वेळात शोषले गेले तर लाकूड तेल पिण्यास तयार आहे. मोत्यांसारखे उभे राहिले तर जुना थर अजून जिवंत आहे, आणि खर्च पुढे ढकलता येईल. धुताना साबणाचे पाणी व तंतूंच्या दिशेने फिरणारा कुंचा पुरे. लोखंडी घासणी मात्र लावू नये. तिचे कण गंजून लाकडातील टॅनिनशी संयोग पावतात आणि काळे ठिपके उठतात. साध्या लोखंडी खिळ्यांभोवतीचे काळे डागही याच जातीचे. तेल पातळ द्यावे, एक फळी एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावी, आणि पाव तासाने वर राहिलेले तेल पुसून घ्यावे. फळीची कापलेली टोके पृष्ठभागाहून कितीतरी अधिक पाणी पितात. तेथे दोनतीन हात हवेत. रंगारी नेमके हेच विसरतात.

कोकणात आणि गोव्यात काजूच्या टरफलांचे तेल होड्यांना व वाशांना लावण्याची जुनी रीत आहे. वाळवीवर ते गुणकारी खरे. परंतु कातडीला लागले तर फोड उठतात, म्हणून जेथे मुले अनवाणी खेळतात तेथे ते नको.

आता एक गोष्ट अशी, की जिच्यात घराचेच बरेवाईट आहे. जवसाचे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, आणि या क्रियेत उष्णता निर्माण होते. फळीवर ती विखरून जाते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला तर उष्णता आतच साठत जाते आणि काडी न लावता बोळा पेटतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीस लागलेली आग अशाच चिंध्यांपासून सुरू झाली. तीत अग्निशामक दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. तेथेही लाकडास तेल लावण्याचेच काम चालले होते. यास्तव काम संपताच चिंध्या बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवाव्यात, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे. कामकऱ्यास हे सांगून सोडून देऊ नये, स्वतः पाहावे.

ज्यांची मुलेबाळे अमेरिकेत स्थायिक आहेत त्यांच्या कानी हिरवट लाकडाच्या डेकची गोष्ट आली असेल. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांनी लाकूड टिकवण्याची ही कृती १९३३ साली डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशन यांनी शोधली. तेथील घरगुती डेकसाठी असे लाकूड तयार करणे २००३ च्या अखेरीस थांबले. जुने डेक मात्र अद्याप उभे आहेत. त्यांच्या फळ्या तासून निघणारा भुसा श्वासात जाऊ देऊ नये, आणि ते लाकूड चुलीत तर मुळीच घालू नये.

बाकी निगा साधी आहे. दोन फळ्यांतील फटी पानांनी बुजू देऊ नयेत, आणि कुंड्या थेट फळीवर न ठेवता विटेच्या तुकड्यांवर उचलून ठेवाव्यात. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, खाली वाकून फळ्यांखालच्या तुळयांची टोके व कठड्याचे पाय आरीने टोचून पाहावेत. आरी विनासायास आत शिरली तर त्या जागी तेलाचा उपयोग नाही. तो तुकडा बदलेपर्यंत वर कोणास बसू देऊ नये.