तेल आपल्याला, पेंड कोंबड्यांना

गुलमंडीवरील किराणा दुकानांतून सोयाबीन तेलाचे डबे घरोघर जातात; त्या दाण्यातील प्रथिने मात्र पेंडीबरोबर बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात वा परदेशी जातात. लातूरच्या बाजारभावाकडे डोळे लावून बसणाऱ्या मराठवाड्याच्या दृष्टीने ही विपरीत वाटणीच म्हणावी लागेल. दाण्यात तेल सुमारे २० टक्के, तर प्रथिने ४० टक्के. ज्यांच्याविषयी वैद्यकात एवढा ऊहापोह झाला, ती जेनिस्टीन, डेडझीन ही आयसोफ्लेवोन द्रव्येही पेंडीतच राहतात. शुद्ध केलेल्या तेलात ती जवळजवळ नसतात.

त्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाशी मिळतीजुळती. म्हणूनच स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या आमच्या शेजारच्या काकूंना घरच्यांनी सोयाबीनच्या वड्या वर्ज्य केल्या. भीती स्वाभाविक होती; परंतु शांघायमधील अशाच ५,०४२ स्त्रियांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहारात सोयाबीन अधिक असणाऱ्यांमध्ये मृत्यूचे व रोग उलटण्याचे प्रमाण कमीच आढळले. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे आम्ही वर्गात दरवर्षी बजावतो, ते येथेही लागू आहे. शिवाय जेवणातले सोयाबीन वेगळे, अर्काची गोळी वेगळी.

हृदयविकाराबाबतचा उत्साह तर ओसरलाच आहे. रोज २५ ग्रॅम सोया प्रथिने हृदयाला हितकर, हा दावा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये मान्य केला आणि २०१७ मध्ये ती मान्यता काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला. कोलेस्टेरॉल उतरते, पण थोडेच. मधुमेहाविषयीचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत.

तरीही डाळ महागली की स्वस्त प्रथिनांचा प्रश्न उरतोच. काकूंनी डॉक्टरांना विचारून वड्यांची भाजी पुन्हा सुरू केली आहे. मी मात्र दुकानात किलोभर सोयाबीन मागितले, तेव्हा दुकानदाराने विचारले, “सर, पेरायला का?”