धावपट्टीचे उत्सर्जन कोणाच्या खाती? (लेखांक ६)

विमानाचे एक किलो इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे मागील लेखांकात पाहिले. हा वायू कोणत्या देशाच्या हिशेबात धरायचा हा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील तिसऱ्या धावपट्टीचा वाद समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागते. १९९७ च्या क्योटो करारात विकसित देशांना उत्सर्जन-कपातीची उद्दिष्टे ठरवून देण्यात आली. आंतरराष्ट्रीय उड्डाणे मात्र त्यांतून वगळून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या या क्षेत्रातील विशेष संस्थेकडे, सोपवण्यात आली. लंडनहून टोकियोला जाणाऱ्या विमानाचा धूर त्यामुळे ना ब्रिटनच्या उद्दिष्टात मोजला गेला, ना जपानच्या.

हीथ्रोवर दोन धावपट्ट्या असून वर्षाकाठी ४ लाख ८० हजार उड्डाणे व अवतरणे ही तेथील कमाल मर्यादा आहे. तिसऱ्या धावपट्टीला २००९ मध्ये मिळालेली सरकारी संमती २०१० च्या सत्तांतरानंतर मागे घेतली गेली, आणि जून २०१८ मध्ये संसदेने ४१५ विरुद्ध ११९ मतांनी पुन्हा विस्ताराच्या बाजूने कौल दिला. सिपसन गावातील घरांवर येणारे संकट, आवाज आणि दूषित हवा ही विरोधाची जुनी कारणे होती. फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयात निर्णायक ठरला तो हवामानाचा मुद्दा: धोरण आखताना सरकारने पॅरिस करारातील आपली बांधिलकी विचारात घेतली नाही, म्हणून ते धोरण बेकायदा ठरवण्यात आले. सरकारने या निकालाला आव्हान दिले नाही. ते विमानतळ कंपनीने दिले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला.

या दुसऱ्या निकालाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. पॅरिस करारातील बांधिलकी ही त्या वेळच्या कायद्याला अभिप्रेत असलेले ‘सरकारी धोरण’ ठरते का, एवढाच प्रश्न त्यात प्रामुख्याने होता. धावपट्टी हवामानाला परवडणारी आहे की नाही, हे न्यायालयाने ठरवलेले नाही. उलट, प्रत्यक्ष बांधकामाची परवानगी मागताना तेव्हा लागू असलेल्या हवामान-उद्दिष्टांची कसोटी लागेल, असे निकालात स्पष्ट आहे. धावपट्टीच्या समर्थकांना हे सोयीस्करपणे विसरता येणार नाही.

ब्रिटनने २०३३ पासूनच्या आपल्या ‘कार्बन अंदाजपत्रकात’, म्हणजे पाच वर्षांसाठी कायद्याने ठरवलेल्या उत्सर्जन-मर्यादेत, आंतरराष्ट्रीय उड्डाणे धरण्याचे २०२१ मध्ये जाहीर केले, ही या वादातील खरी प्रगती म्हटली पाहिजे. ती अपुरी आहे याचे कारण आकाशातच दिसते. थंड व आर्द्र हवेत विमानामागे उमटणारे पांढरे पट्टे हे बर्फकणांचे ढग असतात. ते पसरले की पृथ्वीची उष्णता अडवतात. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के असला, तरी हे ढग व नायट्रोजनची ऑक्साइडे धरल्यास तापमानवाढीतील त्यांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो, आणि हा वाढीव भाग ब्रिटनच्या अंदाजपत्रकात अजूनही येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी तिसऱ्या धावपट्टीला पुन्हा सरकारी पाठिंबा जाहीर केला. टाकाऊ तेल वा कचऱ्यापासून बनवलेल्या शाश्वत विमान-इंधनावर समर्थकांची मोठी भिस्त आहे. ब्रिटनने त्याचे बंधनकारक प्रमाण २०२५ साठी २ टक्के आणि २०३० साठी १० टक्के ठेवले आहे. या इंधनासाठी लागणारा कच्चा माल किती आणि कोठून मिळू शकतो, याची तपासणी पुढील लेखांकात केली जाईल.