हौदाचे पाय ओळंब्यात राहावेत म्हणून

वैशाखात आजोळी नातवंडे जमली, की घराचे अंगण पुन्हा नांदते होते. अलीकडे अनेक घरांच्या अंगणांत, शेतघरांवर आणि क्वचित गच्च्यांवरही या दिवसांत एक नवी वस्तू दिसते. ती म्हणजे लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर उभा राहणारा पोहण्याचा तात्पुरता हौद. खोक्यातून तो घरी येतो, दोन-तीन तासांत उभा राहतो आणि मुलांच्या किलबिलाटाने भरून जातो. काही दिवसांनी मात्र कोणाच्या तरी लक्षात येते, की एक पाय तिरका झाला आहे. मग त्याखाली विटेचा तुकडा सारला जातो, वरची नळी दोरीने खांबाला आवळली जाते आणि पोहणे सुरूच राहते. धोक्याची सुरुवात नेमकी येथे होते.

व्यापारी घरात कोणताही व्यवहार आकड्यांनी तपासला जातो. हा हौदही तसाच तपासावा. १२ फूट व्यासाच्या व अडीच फूट उंचीच्या गोल हौदात सुमारे ६,५०० लिटर पाणी मावते. एका लिटरचे वजन एक किलो, म्हणजे हा भार साडेसहा टनांचा झाला. पन्नास किलोच्या १३० पोत्यांची थप्पी अंगणात लावावी, तेवढा. फरक इतकाच, की नीट लावलेली थप्पी आपल्या जागी स्थिर राहते. पाणी मात्र खाली दाबते, तसेच चारही बाजूंना अखंड रेटतही असते.

हा रेटा कशावर अवलंबून असतो, हे सायमन स्टेव्हिन यांनी १५८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्पष्ट केले. १५४८ साली ब्रुझ येथे जन्मलेले स्टेव्हिन तरुणपणी अँटवर्पच्या व्यापारी जगात हिशेबनिसाचे काम करीत. १५८२ साली त्यांनी व्याजाची कोष्टके छापून प्रसिद्ध केली होती. पाण्याचा दाब भांड्याच्या आकारावर किंवा पाण्याच्या एकूण वजनावर ठरत नाही, तो केवळ खोलीवर ठरतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातून व्यवहारात उपयोगी पडणारा एक हिशेब निघतो. पाण्याची खोली दुप्पट झाली, की भिंतीवरील एकूण रेटा चौपट होतो.

हौदाचे पाय पाण्याचे वजन पेलतात, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ते वजन तळातून थेट जमिनीवर जाते. पाय केवळ वरचे कडे आणि अस्तराची भिंत उभी धरतात. गोल हौदात बाहेरचा रेटा भिंतीच्या ताणातच सामावला जातो. पिंपाला घातलेली लोखंडी पट्टी जसे काम करते, तसेच हे असते. म्हणून गोल हौदाचे पाय सरळ असले, तर त्यांवर फारसा आडवा भार येत नाही. चौकोनी हौदाच्या सरळ भिंतीला ही सोय नसते. तिच्या लांब बाजूचा मधला भाग बाहेर फुगू पाहतो. त्यासाठी तेथे तिरके टेकू किंवा समोरासमोरचे पाय तळाखालून बांधणारे पट्टे दिलेले असतात. जोडणी करताना उरलेला पट्टा निरुपयोगी समजून खोक्यात परत टाकणे ही मोठी चूक ठरते.

याचा अर्थ असा, की तिरका पाय हे लक्षण आहे, दोष जमिनीत आहे. समजा, अंगणाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १० सेंटिमीटर उतार आहे. मग एका बाजूस ५७ सेंटिमीटर पाणी असेल, तर दुसऱ्या बाजूस ते ६७ सेंटिमीटर राहील. त्या खोल बाजूवरील रेटा सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक होतो. भिंत बाहेर झुकते, पाय तिरके होतात, कडे खाली येते आणि पाणी आणखी त्याच बाजूस ओढ घेते. कडे पाण्याच्या पातळीखाली गेले, की सारे पाणी एकदम बाहेर लोटते. त्या लोंढ्यापुढे मोठ्या माणसाचा पायही टिकत नाही, मग लहान मुलाची काय कथा!

महाराष्ट्राच्या पठारावरील काळी माती या कामात विशेष फसवी आहे. ती भिजली की फुगते आणि मऊ पडते, वाळली की भेगाळते. मुलांच्या उड्यांमुळे उडालेले पाणी पायांशी मुरते आणि पहिल्या दिवशी घट्ट वाटलेली जमीन आठवड्याने खचते. म्हणून जागा तयार करताना गवत व मुळे काढावीत आणि उंच बाजू खणून खाली आणावी. खोल बाजूस भर घालून ती वर आणू नये; नवी भर भाराखाली दबतेच. मऊ थर काढून मुरूम पाणी मारून धुम्मसाने ठोकून घ्यावा. प्रत्येक पायाखाली फूटभर चौरस शहाबादी फरशी जमिनीच्या पातळीत बसवावी. ती वर उचललेली राहिली, तर तेवढाच पाय उंच होतो.

सपाटी डोळ्यांनी ठरवू नये. मध्यभागी खुंटी ठोकून सरळ फळी गोल फिरवावी व तिच्यावर पाणसळ ठेवावी, अथवा गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरावी. टोकापासून टोकापर्यंत अडीच सेंटिमीटरहून अधिक फरक स्वीकारू नये. सांगाडा उभा झाल्यावर प्रत्येक पायाला ओळंबा लावावा, सांध्यांतील खिळी पूर्ण बसल्याची खात्री करावी आणि पायांभोवतीचा पट्टा असल्यास तो सर्वत्र सारख्या उंचीवर ठेवावा.

त्यानंतर केवळ दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरून थांबावे. पाणी स्वतःच सर्वांत प्रामाणिक पाणसळ आहे. ते एका बाजूस साचले, तर चूक कळण्याची किंमत फक्त काही बादल्या पाणी एवढीच असते. हौद भरल्यावरही चार दिशांना कड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि रोज सकाळी पायांवरून नजर फिरवावी. पाय झुकू लागला, तर भरलेल्या हौदात तो ठोकून सरळ करू नये, विटा सारू नयेत, दोऱ्या आवळू नयेत. मुलांना बाहेर काढावे, हौद रिकामा करावा आणि जमीन दुरुस्त करावी. टँकरने आणलेले पाणी सोडताना जीव तुटतो, हे खरे. परंतु ते झाडांना देता येते. त्यात क्लोरीन असल्यास दोन-तीन दिवस उघडे ठेवून मग द्यावे. पावसाळ्याआधी हौद उतरवून, सांगाडा कोरडा करून ठेवावा, म्हणजे सांधे गंजत नाहीत.

गच्चीचा प्रश्न याहून गंभीर आहे. भारतीय मानक ८७५ च्या १९८७ सालच्या दुसऱ्या भागात वावराच्या सपाट छतासाठी प्रतिचौरस मीटर सुमारे १५० किलोचा भार गृहीत धरला आहे. ६२ सेंटिमीटर पाणी तेवढ्याच जागेवर ६२० किलो भार टाकते, म्हणजे चौपटीहून अधिक. संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय गच्चीवर असा हौद मांडणे म्हणजे खाली झोपलेल्यांच्या जिवाशी खेळ आहे.

पाय कितीही ओळंब्यात असले, तरी मुले पाण्यात असताना एक जाणते माणूस काठावर हवेच. पोहणे संपताच शिडी काढून ठेवावी आणि कड्यावर कोणालाही बसू देऊ नये.

किर्दीत आरंभीची शिल्लकच चुकीची मांडली, तर पुढच्या नोंदी कितीही नेटक्या असल्या तरी मेळ बसत नाही. हौदाचेही तसेच आहे. जमिनीवर खर्च केलेला एक दिवस पुढचा सारा उन्हाळा निर्धास्त ठेवतो.