पहिले उत्तर आणि खाडाखोड

मानसशास्त्राची बहुपर्यायी प्रश्नपत्रिका संपली, की विद्यार्थी दालनाबाहेर घोळक्याने उभे राहून आपापली उत्तरे पडताळून पाहतात. त्या वेळी एक उद्गार हटकून कानी पडतो : “आधी बरोबर लिहिले होते, मग पुसले !” पहिले उत्तर बदलू नये, हा दंडक अशाच हळहळीतून रूढ झाला असावा.

तो कितपत खरा ? क्रूगर, विर्ट्झ व मिलर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इलिनॉय विद्यापीठातील मानसशास्त्राच्या १,५६१ उत्तरपत्रिकांवरील पुसल्याच्या खुणा तपासल्या. शेकडा ५१ बदल चुकीच्या उत्तराकडून बरोबर उत्तराकडे झाले होते. उलट दिशेने अवघे २५. बाकीचे एका चुकीतून दुसऱ्या चुकीत. त्यांची कथा सोडून देऊ.

मग हा समज टिकतो कसा ? हाती आलेले उत्तर स्वहस्ते घालविल्याची रुखरुख अधिक तीव्र असते, म्हणून ती स्मरणात ठसते. बदलामुळे पदरात पडलेला गुण, आमच्या मते, घोळक्यात कोणी बोलूनही दाखवीत नाही. अर्थात हे आकडे विद्यार्थ्यांनी स्वतः शंका येऊन केलेल्या बदलांचे आहेत. शंका नसताना उत्तर बदलल्यास काय होईल, हे त्यांवरून ठरत नाही.